अर्धा चंद्र चालेल

ये गो शालन, अशी जवळ ये. उंबऱ्यावर नको बसूस, तिथे खारा वारा थेट अंगावर येतो आणि मग दोन दिवस खोकत बसतेस. माझ्या बाजूची चटई रिकामी आहे, इथे टेक. पाणी देऊ? नको? बरं. मग ऐक आता. तुला ओरडायचंय मला.

ही काय रीत झाली? सालवडच्या नाक्यावर कोथिंबीर आणायला निघालीस तरी तीन घरांत सांगून निघणारी तू. माझ्याकडे शिरगावला यायचं तर आदल्या दिवशी एक फोन, बसमध्ये बसल्यावर एक फोन, पालघरला उतरल्यावर आणखी एक. आणि एवढ्या लांब जाताना मला एक शब्द नाही? शुक्रवारी तर बोललो आपण. ‘नमे, रविवारी येते. जेवायलाच येते. वलं काय करू नको, सुकंच कर,’ म्हणालीस. मी सुकंच केलं होतं. वांगं-बोंबील, तुला आवडतात तसे बोंबील आधी जरा जाळून घेतलेले. दुपारी फोन वाजला तेव्हा मी म्हटलं, उतरली वाटतं पालघरला. तर तो तुझ्या मनीषाचा. पोरीला धड बोलताच येत नव्हतं. आणि मी मेली तिला विचारत होते, ‘आई निघाली ना गो?’

महिना होत आला त्याला. रागावले आहे मी, आणि राग कोणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून नातीची जुनी वही घेऊन बसले आहे. चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, ऱ्हस्वदीर्घ तुझं तू बघून घे.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. एक बाई म्हणाली, शालनताई फार शांत स्वभावाच्या. मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला आले की काय. शांत! बोईसरच्या बाजारात भाजीवाला कोथिंबिरीची जुडी बारीक बांधायला लागला, तेव्हा तू त्याला असं झापलंस की त्याने गावाकडे जायचं मनावर घेतलं होतं. पण मी भात खाल्ला आणि आले.

मला तू आठवतेस ती त्याच बाजारातली. मी तेव्हा पाटी घेऊन बोईसरला बसायची. तू नवी नवरी, हिरव्या चुड्याची. तुझा नवरा, आमचे भाऊ, कारखान्यात लागलेले, सालवडला एक खोली घेतलेली, आणि साताऱ्याकडच्या दुष्काळी गावातून तू थेट आमच्या समुद्राच्या काठावर येऊन पडलेली. माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘बोंबील हाईत का?’

मी पाटीतले दोन ताजे बोंबील उचलून दाखवले. तू दोन पावलं मागे.

‘ह्ये काय दाखवतीया? मला बोंबील पायजेत.’

‘बोंबीलच हायत हे.’

‘गप गं. बोंबील काठीवाणी असत्यात. ह्ये तर लोंबतंय.’ मग वाकून, अगदी काळजीने विचारलंस, ‘आजारी हाय का त्यो?’

आमच्या मासळीवाल्यांची सगळी रांग हसून हसून लोळायला आली. तुझ्या गावच्या बाजारात बोंबील यायचा तो वाळून कडक झालेला. समुद्रातून तो तसाच कडक निघतो, असं तुझं पक्कं होतं. मला हसू आलं, पण तुझा चेहरा एवढासा झालेला बघून वाईटही वाटलं. म्हणून पुढच्या सुट्टीला तुला शिरगावला घेऊन आले आणि किल्ल्यामागच्या वाळूत आमची वलांडी दाखवली. बांबूचे उंच खांब, त्यांना आडव्या दोऱ्या, दोऱ्यांवर हजारो बोंबील उन्हात वाळताहेत. तू पदर डोक्यावर धरून किती तरी वेळ बघत राहिलीस. मग म्हणालीस, ‘म्हंजी माझ्या आईच्या तव्यावरचा बोंबील हितनं आलेला व्हय?’

तिथून आपलं जमलं. आणि तिथूनच आपला वाद लागला, खरा बोंबील कुठला, ओला की सुका. मी म्हणायची ओला. सुका म्हणजे त्याची आठवण. तू म्हणायचीस सुका. ओला म्हणजे अजून व्हायचाय. तुझे केस पांढरे झाले, माझे गेले, वाद तिथेच आहे.

पण आज मला बोलायचंय ते कच्छचं. बोंबलाचं नंतर.

भाऊ एकदा कारखान्याच्या कामाला कच्छला गेले होते, मशीन बसवायला. परत आले ते एका कागदात मिठाचा खडा बांधून घेऊन. तुला म्हणाले, पुनवेला आम्हाला ड्रायव्हरने त्या पांढऱ्या वाळवंटात नेलं. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागतं ते कळत नाही. एकदा तुला पुनवेला नेतो. मग रिटायर झाल्यावर नेतो, झालं. मग गुडघे बरे झाले की नेतो, झालं. मग भाऊच गेले. तो खडा तू देवघरात ठेवलास. आपल्या हवेत त्याला सारखं पाणी सुटायचं, आणि तू तो रोज पुसायचीस.

भाऊंना जाऊन वर्ष झाल्यावर तू माझ्या पडवीत बसून म्हणालीस, ‘नमे, आपुन दोघी जाऊया कच्छला. हिवाळ्यात. पुनवेला.’

‘काय हाय तिकडे?’

‘मीठ.’

‘मीठ? अगो, मीठ बघायला कच्छला कशाला? इथे मिठागरं नायत का? उद्या नेते तुला चालत.’

‘तुजं मिठागर म्हंजी आंगण. तिथं आभाळापतुर मीठ हाय. आन् एका बाजूला काळा डोंगर हाय, उंच. मीठ तुला, डोंगर मला. मला डोंगर बघून किती दिवस झालं माहीत हाय का? हितं सगळं सपाट.’

‘आन् वाळवंटात मी काय करू?’

‘काय करू नको. कोरड्या हवेत बस निस्ती. जल्मात कवा कोरडी झालीस का तू?’

हे मात्र खरं होतं. माझा सगळा जन्म ओल वाळवण्यात गेला. ढग बघायचे, दव बघायचं, वारा कुठला आहे ते बघायचं. जिथे हवाच कोरडी, जिथे दोरीवर टाकलेलं लुगडं चहा होईपर्यंत वाळतं, तो मुलूख कसा असेल, असं माझ्या मनात खूप आलं. तुला बोलले नाही तेव्हा. आज बोलते. मलाही जायचं होतं, शालन. तुझ्याइतकंच.

मग आपले बेत सुरू झाले. संध्याकाळी गाडीत बसलं की सकाळी भुज, हे तू सासरहून आलेल्या मनीषाकडून काढलंस. मनीषाने तुला फोनमध्ये तो डोंगर दाखवला. डोंगरावर देवळातला पुजारी कोल्ह्यांना हाक मारून प्रसादाचा भात घालतो, हे ऐकल्यावर मी म्हटलं, ‘मग थोडी सुकट घेऊ. नुसता भात काय खातील बिचारे.’ तू कपाळावर हात मारलास. ‘देवाचा परसाद हाय त्यो! आन् गाडीत तुजी सुकट काढलीस तर मी तुला वळखत न्हाय म्हणून सांगंन.’ मी म्हटलं, ‘डब्यात बोंबलाची चटणी घेणार म्हणजे घेणार.’ ‘वास सुटंल.’ ‘सुटू दे. त्याशिवाय लोक सरकून जागा कशी देतील?’ भाकरी किती, चटणी घ्यायची की नाही, खालची सीट कोणाची, काळ्या डोंगरावर जीपने की पायी. हे सगळं आपण किती हिवाळे ठरवलं! मला तर वाटायला लागलं होतं की आपण जाऊन आलो आहोत.

आणि दर वेळी अडायचं ते एकाच जागी. ज्यांना समुद्र माहीत नाही त्यांनाही कळावं म्हणून सांगते, तुला नाही. पुनव आणि अमावास्या आली की समुद्राच्या पाण्याला ओढ लागते. त्या ओढीवर आमची डोल जाळी भरतात. ते उधाण. मधल्या अष्टमी-नवमीला पाणी सुस्त होतं, जाळ्यात काही येत नाही, बोटी घरी असतात. तो भांग. म्हणजे पुनवेला बोटी बोंबलांनी भरून येणार, आणि ते बोंबील त्याच दिवशी वलांडीवर चढले पाहिजेत. हिवाळा हाच आमचा वाळवणाचा हंगाम. आणि कच्छचं वाळवंट बघायचं ते हिवाळ्यातच, तेही पुनवेला. तुला हवी असलेली रात्र आणि माझ्या वलांडीचा भरलेला दिवस, दोन्ही एकाच तिथीला.

‘पुनवेलाच कशाला?’ मी दर वर्षी विचारायची.

‘भाऊ म्हणलं हुतं.’

‘पुनवेला माझ्या दोऱ्यांवर बोंबील असतात.’

‘तुजी सून हाय की.’

‘तिला काय जमतंय!’

हे बोलायची मी, आणि माझी सून रेश्मा तिकडे वलांडीखाली माझ्या दुप्पट वेगाने बोंबील लावत असायची. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. तिची बोटं बघतच राहावीत. तुलाही तिनेच शिकवलं. पहिल्या वेळी तू शेपटीने टांगलेस आणि वाऱ्याने सगळे वाळूत पडले, आठवतं? नंतर मात्र छान लावायचीस. तू लावलेली जोडी कधी सुटली नाही.

आता गेल्या हिवाळ्याचं बोलते. इथे माझी जीभ अडखळते, सांभाळून घे.

गेल्या वर्षी मी तुला हो म्हटलं होतं. पक्कं. पौषातल्या पुनवेची तिकिटं मनीषाने काढून दिली. तू बोईसरच्या बाजारातून दोन स्वेटर आणलेस, तुला जांभळा, मला हिरवा. निघायच्या दिवशी सकाळी बोटी इतक्या भरून आल्या की टोपल्या कमी पडल्या, आणि पश्चिमेला ढग दिसायला लागले. ढगात वाळवण म्हणजे तुला माहीतच आहे, माल पिवळा पडतो, सगळ्यांची मेहनत वाळूत. मी तुला फोन करून सांगितलं, ‘शालन, मी नाय येत.’

तू फोन ठेवलास आणि दोन तासांनी हातात बॅग घेऊन वलांडीखाली उभी राहिलीस. माझा हिरवा स्वेटर बॅगेच्या वर होता.

‘ढग बघ,’ मी म्हटलं.

‘बघितलं.’

‘एवढा माल टाकून मी कशी येऊ?’

तू रेश्माकडे बघितलंस, हाताखालच्या बायकांकडे बघितलंस. मग मला म्हणालीस, ‘माल त्या लावत्यात. ढग तू आडवणार हाईस व्हय? नमे, तुला मालाचं भ्या न्हाय. तुझ्याबिगर चाललं तर काय, ह्याचं भ्या हाय.’

बाई, काय बोललीस तू! सगळ्यांसमोर. माझ्या अंगाची आग झाली. आणि मी म्हटलं... लिहायलाही हात उचलत नाही, पण तू ऐकलं आहेस तेव्हा लपवू कशाला. मी म्हटलं, ‘तुझं काय, तू कधी पण बॅग उचलशील. तुझ्या घरी वाट बघणारं हाय कोण?’

रेश्माचे हात थांबले.

तू बॅग वाळूत ठेवलीस. पदर खोचलास. खाली बसून टोपलीतला बोंबील घेतलास, दुसरा घेतलास, जबड्यात जबडा अडकवलास आणि दोरीवर टाकलास. मग पुढची जोडी. दुपारपर्यंत तू आमच्याबरोबर लावत होतीस. ढग तर तासाभरात पांगले, ऊन पडलं. जेवलीस, ताट धुतलंस, हिरवा स्वेटर माझ्या घरातल्या खुंटीवर अडकवलास आणि पाचच्या बसने गेलीस. गाडी त्याच सुमाराची होती, कच्छची.

मी माफी मागायला हवी होती. त्या दिवशी नाही जमलं. दुसऱ्या दिवशी तूच फोन केलास आणि विचारलंस, ‘माल वाळला का गं?’ आवाज नेहमीचा. मी म्हटलं, वाळला. आणि माझ्या मनात आलं, विसरली बहुतेक, आता कशाला उकरून काढा. तू विसरणारी नव्हतीस. मीही नव्हते. पण रविवारी यायचीस, जेवायचीस, हसायचीस, आणि ते वाक्य आपल्या दोघींच्या मधे चटईवर बसलेलं असायचं. बोलणं पुढे ढकलत राहिले मी, तुझ्या त्या सहलीसारखंच.

त्यानंतर तुला एक नवीनच खोड लागली. दर फोनला विचारायचीस, ‘आज पाणी कसं हाय? भांग का उधाण?’ मला वाटायचं मासळी किती येईल त्याचा अंदाज घेतेस. मी सांगायची. मग पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, जाळी घरात, तरी तुझं चालूच. ‘आज काय गं नमे?’ मी वैतागून म्हटलं, ‘अगो, बोटी बंद हायत. आता तुला पाण्याचं काय पडलंय?’ तू म्हणालीस, ‘पाणी बंद झालंय का? मग सांग की.’ मी म्हटलं म्हातारी झाली, काही तरी विचारत बसते. आणि सांगत गेले. अष्टमी, भांग. चतुर्दशी, उधाण. तिथून तू ‘हां’ म्हणायचीस, आणि मागे कसली तरी खुडबूड ऐकू यायची. आता कळलं, पेन्सिल शोधत होतीस.

तेराव्यानंतर आठ दिवसांनी मनीषा आली, दोन कॅलेंडरं रबर लावून गुंडाळलेली घेऊन. ‘मावशी, हे आईच्या पलंगाखाली होतं. तुमचं नाव लिहिलंय, पण मला काही कळत नाही.’

मी ती जमिनीवर पसरली. एक या वर्षाचं. प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात ‘भांग’ किंवा ‘उधाण’. सुरुवातीला सगळं चुकीचं, पुनवेलाच भांग लिहून ठेवलेला, मग त्यावर काट मारलेली, पुन्हा लिहिलेलं. पावसाळ्यापर्यंत काटाकाट कमी होत गेली. भाद्रपदापासून एकही चूक नाही गो शालन. आमच्या घरातल्या पोरांनाही इतकं येत नाही. कारखान्याच्या भोंग्यावर संसार केलेली बाई तू, दुष्काळी गावातली, जिला बोंबील ओला असतो हे माहीत नव्हतं, आणि तू अख्खा समुद्र तिथीवार लिहून काढलास!

दुसरं कॅलेंडर नव्या वर्षाचं, बाजारात आल्या आल्या घेतलेलं. त्याच्या पहिल्याच पानावर पौषातल्या सप्तमीपासून बारशीपर्यंत पेन्सिलने एक लांब गोल काढलेला. बाजूला तुझं अक्षर: ‘सप्तमीला संध्याकाळी निघायचं. बारशीला परत. बोटी तेव्हा घरीच असतात. नमूला कारण उरणार नाही.’

आणि खाली, जरा बारीक: ‘अर्धा चंद्र चालेल.’

मनीषा विचारत होती, ‘मावशी, म्हणजे काय?’ मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि खुंटीवरच्या हिरव्या स्वेटरला तोंड लावून उभी राहिले.

भाऊंची पुनव होती ती. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर तू अडून बसलीस, माझ्याशी भांडलीस, ती तू पेन्सिलने सोडून दिलीस. कोणासाठी? जिने सगळ्यांसमोर तुला म्हटलं की तुझी वाट बघणारं कोणी नाही, तिच्यासाठी. दर रविवारी दुपारी एकपासून मी दारात येऊन उभी राहायची, बस आली का बघायची. वाट नाही तर काय बघत होते मी? हे तुला सांगायला पाहिजे होतं. चल, आता सांगितलं.

आणि दुसरंही एक कबूल करते. मला तुझ्याइतकं नीट बोलता येत नाही, पण तू बरोबर होतीस. मालाची भीती नव्हतीच. तुझ्या तेराव्यापर्यंतच्या दिवसांत मी वलांडीकडे फिरकले नाही. हंगाम सुरू झालेला, दसऱ्यानंतरचं पहिलं मोठं उधाण आलं, गेलं. एके दिवशी जाऊन बघते तर सगळ्या दोऱ्या भरलेल्या, बोंबील चांदीसारखे, एकही पिवळा नाही. रेश्मा म्हणाली, ‘आये, तुमी कशाला उन्हात आलात? बसा.’ मी बसले. वाईट वाटलं थोडं. मग बरं वाटलं. मग तुझा इतका राग आला की काय सांगू! सगळं तुझ्याच म्हणण्याप्रमाणे व्हायला हवं का गो नेहमी?

नाही होणार. ऐक.

परवा मनीषाचा फोन आला. म्हणाली, ‘मावशी, आईची इच्छा होती, आपण दोघी जाऊ. सप्तमीची तिकिटं काढू ना?’

मी म्हटलं, ‘नाय. पुनवेच्या आदल्या दिवशीची काढ.’

‘पण आईने तर सप्तमी लिहिलंय.’

‘तुझ्या आईचं मी कधी ऐकलंय?’

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असेल, हसता हसता तिचं नाक वाहायला लागलं ते मला फोनमध्ये ऐकू आलं.

रेश्माला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ‘पुनवेला? ऐन उधाणात?’

‘हो.’

‘पौषातल्या?’

‘हो गो, किती वेळा विचारशील.’

तिने भाकरी उलटली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ‘मग तो हिरवा स्वेटर धुवायला टाका आजच.’

‘नवाच हाय तो. एकदा पण घातला नाय.’

‘वर्षभर बोंबलाच्या गोणीवर टांगलेला हाय आये. तुमाला गाडीतून उतरवतील.’

धुतला. दोनदा. आपल्या हवेत वाळायला तीन दिवस लागले. तिकडे गेल्यावर पुन्हा एकदा धुणार आहे, बघते किती वेळात वाळतो. तुझा जांभळा मनीषा घालणार आहे. भाऊंचा मिठाचा खडा पण तिने आणून दिलाय. आता मी पुसते रोज. तो आम्ही बरोबर नेणार आणि जिथला आहे तिथे ठेवून येणार, कोरडा होऊ दे बिचारा एकदाचा. डोंगरावर जीपने जाणार, कारण तुझ्याशिवाय मला कोण ढकलत नेणार. आणि डब्यात चटणी असेल. तू ओळख दाखवू नकोस हवं तर.

पुनवेला त्या मिठावर चटई टाकून बसेन. मनीषाला एका बाजूला घेईन, दुसरी बाजू रिकामी ठेवीन. पूर्ण चंद्र असेल, शालन, भाऊ म्हणाले होते तसा. अर्धा नाही चालायचा. तिकडे आमच्या किनाऱ्यावर त्याच वेळी पाणी चढत असेल, बोटी भरत असतील, आणि मी तिथे नसेन. तुझं म्हणणं किती खरं ते मी तिथे बसून बघणार आहे. ओल्या-सुक्या बोंबलाच्या वादात मात्र मी हार मानलेली नाही, तो वाद मी तिथे घेऊनच येतेय.

तू तिथे येशीलच, ते मला विचारायलाच नको. पण पौष अजून लांब आहे गो. दारातून बस बघायची माझी सवय जात नाही. तेव्हा पुनवेपर्यंत थांबू नकोस. मधल्या एखाद्या भांगाला ये इकडे, स्वप्नात ये, कशीही ये, भांगात मला फुरसत असते. तिथी तुला पाठच आहेत आता. येत्या अष्टमीला मी वांगं-बोंबील करणार आहे, सुकंच. ताटं दोन वाढते. लवकर ये.